भिंतीवरून उतरवलेली अक्षरं

२०१४च्या ऑगस्टमध्ये ठाणे जिल्ह्यातून पालघर वेगळा झाला, तेव्हा आमच्या डहाणू-तलासरीकडे सगळ्यात आधी काम वाढलं ते पेंटर लोकांचं. शाळा, दवाखाने, ग्रामपंचायती, अंगणवाड्या, सगळ्यांच्या भिंतींवर ‘जि. ठाणे’ लिहिलेलं. कलेक्टर पालघरात बसायला लागले तरी भिंती ठाण्यातच होत्या. त्या एकेक करून पालघरात आणायच्या होत्या.

तलासरी नाक्यावरच्या संदीप पेंटरकडे त्यातल्या बऱ्याच भिंती आल्या. संदीप कवाड्याच्या आंबापाड्यावरचा. घरी आई गंगी, थोडं भात, उताराला नागली. शेती पावसाळ्यापुरती, बाकी वर्ष ब्रशवर. तो कुठे शिकला नव्हता. आश्रमशाळेत फळ्यावर सुविचार लिहायचं काम त्याच्याकडे असे, तिथून हात वळला. ट्रकांच्या पाठी, झाई-वरोरच्या होड्या, चिकूच्या वाड्यांची फाटकं, सगळीकडे त्याचं अक्षर. जाड, थोडं पुढे कललेलं, आणि अनुस्वार गोल नाही, चिकूच्या बीसारखा लांबट. काय लिहिलंय हे वाचायच्या आधी लोक कोणी लिहिलंय हे ओळखत.

दक्षा त्याची बायको. माहेर आंबेसरीचं, बारावीपर्यंत शिकलेली. लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. काम हाताबाहेर जायला लागलं तसा संदीप तिला मोटारसायकलवर मागे बसवून नेऊ लागला. मांडीवर रंगाचे डबे, पायाशी अडकवलेली बांबूची शिडी. तो दोऱ्याने रेघ मारी, अक्षरांच्या कडा काढी, ती आत रंग भरी. एका शाळेत दोन भिंती एकाच दिवशी उरकायच्या होत्या. ढग येत होते. संदीप म्हणाला, ‘‘खालचं पालघर तू लिही.’’

‘‘मी?’’

‘‘चार अक्षरं तर हायेत. एक काना.’’

तिने लिहिलं. संदीपने शिडीवरून उतरून बघितलं. पुसलं नाही. तेव्हापासून शाळेचं नाव त्याने लिहायचं आणि ‘जि. पालघर’ तिने, असं ठरूनच गेलं. पुढे मलेरियाच्या सूचना, शौचालयाच्या घोषणा, रेशन दुकानाच्या वेळा, हेही ती लिहायला लागली. तिचं अक्षर त्याच्यासारखंच वळायला शिकलं. लोक सगळ्यालाच संदीप पेंटरचं अक्षर म्हणत आणि दोघांपैकी कोणालाही त्यात दुरुस्ती करावीशी वाटली नाही.

अशी दोन वर्षं गेली. २०१६ साली नवरात्राच्या तोंडावर हायवेवरच्या एका ढाब्याचं काम आलं. भिंत उंच होती. बांबूची शिडी पुरेना, तेव्हा ढाबेवाल्याने आतून ॲल्युमिनियमची शिडी आणून दिली. दुपारपर्यंत नाव लिहून झालं. पुढे फक्त ‘ढाबा’ राहिलं होतं. संदीपने ‘ढा’ लिहिला आणि शिडी उजवीकडे घ्यायला खाली उतरला. शिडी आडवी करायची ती त्याने उभीच उचलली. वरून विजेची तार गेली आहे हे सकाळपासून कोणाच्याच मनात आलं नव्हतं.

दक्षा पाठमोरी बसून लाल रंगात रॉकेल घालत होती. आवाज फार मोठा झाला नाही. ती वळली तेव्हा संदीप जमिनीवर होता आणि ढाब्यातले लोक धावत येत होते. दक्षाने डब्याचं झाकण लावलं. टाचेने दाबून घट्ट बसवलं. मग ती उठून त्याच्याकडे गेली. तलासरीच्या दवाखान्यात नेईपर्यंत काही उरलं नव्हतं.

ते झाकण लोकांनी बघितलं होतं. दहाव्यापर्यंत पाड्यावर सगळीकडे झालं, नवरा पडला आणि हिने डब्याचं झाकण लावलं. ती रडलीही नाही. बायका आल्या, गळ्यात पडल्या, गंगी तर ऊर बडवून रडली. दक्षा आल्यागेल्याला पाणी देत होती. आंबेसरीहून तिची आई आली होती. तिने लेकीला परसात नेऊन दोन्ही खांदे धरून हलवलं. ‘‘रड गं बाय, आतल्या आत राहील.’’ दक्षाने खरंच प्रयत्न केला. डोळे मिटले. काही येईना. आई रडायला लागली तेव्हा दक्षाने तिलाही पाणी आणून दिलं.

त्यानंतर तिने ब्रश हातात घेतला नाही. रंगांचे डबे गोठ्याच्या माळ्यावर गेले. नाक्यावरच्या मुली हद्दीपलीकडे गुजरातेतल्या उंबरगावच्या कंपन्यांत कामाला जात, त्यांच्याबरोबर तीही जाऊ लागली. प्लॅस्टिकचे कंगवे बनवायची कंपनी. साच्यातून कंगवे निघाले की त्यांच्या कडेला राहिलेलं जास्तीचं प्लॅस्टिक पात्याने तासून काढायचं. सकाळी कंपनीची बस, संध्याकाळी कंपनीची बस. शेजारच्या बायका गाणी लावत, भांडत, डबा वाटून खात. दक्षा विचारलं तेवढं बोले. एकदा पातं सटकून तळहात कापला. शेजारणीने किंचाळून दाखवलं तेव्हा तिला कळलं की कंगवे लाल झालेत. पट्टी बांधून ती पुन्हा जागेवर येऊन बसली. सुपरवायझरला ती आवडायची. अशी कामगार त्याला कुठे मिळणार होती?

गंगीचं आणि तिचं वाकडं नव्हतं, पण बोलणंही नव्हतं. गंगी दिवसभर शेतावर किंवा दारात. दोघी एका घरात राहत होत्या, इतकंच.

२०१७च्या थंडीत तलासरी नाक्यावर एक माणूस संदीप पेंटरला शोधत आला. तिशीच्या आतला, पाठीला सॅक, गळ्यात कॅमेरा. नाव मनिष. झाईचा, मच्छीमाराच्या घरातला. मुंबईला आर्टचं शिकला, काही वर्षं जाहिरात कंपनीत नोकरी केली, मग ती सोडून गावी परत आला आणि घराच्या माडीवर कॉम्प्युटर ठेवून फॉन्ट बनवू लागला. फॉन्ट म्हणजे कॉम्प्युटरवर टाइप करताना जी अक्षरं उमटतात त्यांचं वळण. ते आपोआप येत नाही, कोणीतरी बसून एकेक अक्षर काढलेलं असतं, हे आमच्याकडे कोणाला माहीत नव्हतं. मनिषच्या घरचेही लोकांना ‘कॉम्प्युटरचं करतो’ एवढंच सांगत.

नाक्यावर नविनचं झेरॉक्स आणि फ्लेक्सचं दुकान आहे. मनिषने तिथे चौकशी केली. ‘‘माझ्या काकाच्या होडीवर त्यांनी नाव लिहिलंय. कॉलेजला होतो तेव्हापासून ते अक्षर बघतोय. त्याचा फॉन्ट करायचाय.’’

नविन हातातलं काम ठेवून म्हणाला, ‘‘त्याला जाऊन वर्ष झालं, शेठ.’’

मनिष दुकानाच्या पायरीवर बसला. मग त्याने घर विचारून घेतलं.

रविवारी तो आंबापाड्यावर आला. दक्षा अंगणात कपडे वाळत घालत होती. गंगी उंबऱ्यात. मनिषने चप्पल काढून ठेवली, गंगीच्या पाया पडला आणि खाली बसून सगळं सांगितलं. दोन तालुके फिरून त्याने भिंतींचे फोटो काढले होते. त्यावरून पूर्ण वर्णमाला तयार करायची होती. त्याला घरच्यांची परवानगी हवी होती, आणि फॉन्ट विकला गेला तर अर्धा वाटा घरी येईल, हे त्याने न विचारता सांगितलं.

गंगीला त्यातलं एकच कळलं. ‘‘माझ्या पोराचं अक्षर राहील?’’

‘‘राहील, आई. जगात कुठंपण कोणी लिहिलं तर तेच उमटेल.’’

गंगीने पदर डोळ्यांना लावला. मनिषने दक्षाकडे बघितलं. ‘‘वहिनी, तुम्ही काय म्हणता?’’

‘‘करा की,’’ दक्षा म्हणाली, आणि बादलीतला उरलेला कपडा पिळला.

त्याने लॅपटॉप उघडून फोटो दाखवायला सुरुवात केली. दक्षा हात कोरडे करून शेजारी बसली. फोटो पुढे सरकत होते आणि ती सांगत होती, हे त्यांचं, हे त्यांचं. मग एका शाळेची भिंत आली. ‘‘हे वरचं त्यांचं. खालचं माझं.’’

मनिष थांबला. ‘‘तुमचं म्हणजे?’’

‘‘जि. पालघर मी लिहिलंय. सगळ्या शाळांवर मीच लिहिलंय. हे मलेरियाचंपण माझं.’’

त्याने मागचे फोटो पुन्हा काढले. ल, घ, र त्याने आधीच कॉम्प्युटरवर चढवले होते. आजकाल फ्लेक्सवर सगळीकडे हिंदी वळणाचा ल दिसतो, मराठी वळणाचा इतका भरीव ल त्याला दुसरीकडे मिळाला नव्हता. तो तिचा निघाला. मनिषला हसू आलं, मग आपण गेलेल्या माणसाच्या अंगणात बसलोय हे आठवून त्याने ते आवरलं. ‘‘मग हा फॉन्ट दोघांचा हाये,’’ तो म्हणाला.

पुढचा फोटो आला होता. हायवेवरचा ढाबा. लाल अक्षरं, ऊन पडून थोडी फिकट झालेली.

‘‘हा ढ त्यांचा,’’ दक्षा म्हणाली. ‘‘हा बा दुसऱ्या कोणाचा.’’

‘‘हो, फरक दिसतोय. मध्येच का बदलला?’’

‘‘इथंच गेले ते. ढा लिहून झाल्यावर.’’

तिने हे ज्या आवाजात सांगितलं त्याच आवाजात आधीचंही सांगितलं होतं. मनिषने लॅपटॉप खाली केला. गंगी उठून आत गेली. कोंबड्या अंगणात फिरत होत्या. मनिष म्हणाला, ‘‘हा फोटो मी काढून टाकतो, वहिनी.’’

‘‘कशाला? तुमाला ढ लागंल ना?’’

‘‘लागेल. पण दुसरीकडे शोधतो.’’

‘‘दुसरीकडे नाय सापडणार. शाळेच्या नावात ढ कुठं येतो? राहू दे तो.’’

तो राहिला.

फोटोंतून जेवढं मिळालं तेवढं मिळालं, तरी बरीच अक्षरं उरत होती. ङ, ञ, ऋ कोणी भिंतीवर लिहीत नाही. जोडाक्षरं तर किती तरी. मनिष पुन्हा आला तेव्हा बरोबर कोरे मोठे कागद, काळा रंग आणि चपटे ब्रश घेऊन आला. दक्षाने ते बघितलं आणि पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं, असं मनिष पुढे सांगायचा. दक्षा म्हणते, असं काही नव्हतं, ऊन डोळ्यावर येत होतं.

‘‘जमंल का माहीत नाय,’’ ती म्हणाली.

‘‘नाही जमलं तर सोडून देऊ.’’

अंगण सारवलेलं होतं. कागद अंथरून चारी कोपऱ्यांना दगड ठेवले. गंगी ओटीवर येऊन बसली आणि सुनेकडे टक लावून बघत राहिली. शेजारच्या दोन बायकाही येऊन उभ्या राहिल्या. सगळ्यांना वाटत होतं की ब्रश हातात घेतल्यावर ती आता तरी फुटेल. दक्षालाही तेच वाटत होतं. ती त्यासाठी थांबली होती म्हटलं तरी चालेल. तिने ब्रश रंगात बुडवला, डब्याच्या कडेला निथळला, वरची रेघ ओढली आणि ङ लिहिला. मग दुसरा ङ, जरा रुंद. मग ञ. हात सुटला होता. संदीपचं वळण बोटांत जसंच्या तसं होतं, पुढे कललेलं, शेवटी उजवीकडे उचललेलं. ऋ लिहून झाला. ज्ञ, क्ष, श्र लिहून झाले. छातीत काही झालं नाही. शेजारच्या बायका कंटाळून निघून गेल्या.

दुपारी मनिषने विचारलं, ‘‘दमलात?’’

‘‘नाय. आकडे राहिलेत ना?’’

आकडे लिहिले. नंतर रुपयाचं चिन्ह. ते संदीपने कधी लिहिलं नव्हतं, तो साधं ‘रु.’ लिहायचा. दक्षाने मनिषच्या मोबाइलवर बघून लिहिलं. संध्याकाळी कागद गोळा करताना गंगी म्हणाली, ‘‘तुला कायच होत नाय का गं?’’

दक्षाने ब्रश रॉकेलमध्ये धुतला. ‘‘नाय होत, आई. मी काय करू?’’

गंगी तिच्याकडे बघत राहिली. तिला राग यायला हवा होता, पण सुनेने जे सांगितलं ते खरं होतं, हे तिला दिसलं असावं. त्या दिवशी भाकऱ्या गंगीने केल्या.

अक्षरं कागदावरून कॉम्प्युटरवर, तिथे त्यांच्या कडा, मात्रा कुठे बसणार, रफार कुठे चढणार, दोन अक्षरांत अंतर किती, हे सगळं करायला मनिषला पुढचा पावसाळा उजाडला. अधूनमधून तो फोनवर चित्रं पाठवी. ‘‘वहिनी, ट आणि ठ शेजारी कसे दिसतायत?’’ कंपनीच्या बसमध्ये दक्षा ती बघे आणि कळवी, ठ चं पोट जास्त झालंय. किंवा, बरोबर आहे. याहून जास्त ती लिहीत नसे.

खटका उडाला तो नावावरून. फॉन्टला नाव लागतं. मनिषने गृहीत धरलं होतं की ‘संदीप’ ठेवायचं. गंगीने तर पाड्यावर सांगूनही टाकलं होतं. दक्षा नको म्हणाली.

‘‘का नको?’’ गंगीने विचारलं.

‘‘कोणपण उघडणार, कोणपण बंद करणार. डिलीट करायचं का असं विचारणार. ते नाव नको तिथं.’’

‘‘नवऱ्याचं नाव नको झालं तुला!’’ गंगी म्हणाली, आणि डब्याच्या झाकणाची गोष्ट दोन वर्षांत पहिल्यांदाच घरात बोलली गेली. दक्षाने ऐकून घेतलं. त्या नावाला मात्र हो म्हणाली नाही. मनिष दोघींच्या मध्ये सापडला. शेवटी त्याने ‘नाका’ असं नाव सुचवलं. तलासरीचा नाका, जिथे संदीप बसायचा. दक्षा हो म्हणाली. गंगीने सुनेशी बोलणं टाकलं.

२०१८च्या सप्टेंबरात ‘नाका’ निघाला. निघाला म्हणजे मनिषने आपल्या वेबसाइटवर तो ठेवला. खाली लिहिलं, अक्षरं संदीप आणि दक्षा, कवाडा. फॉन्ट मनिष, झाई. स्वतंत्रपणे अक्षरं बनवणाऱ्यांची जगभर एक छोटी बिरादरी आहे. एकमेकांचं काम ते एकमेकांना दाखवतात. एका वेबसाइटवर दर महिन्याचे नवे फॉन्ट लागतात, तिथे ब्राझीलमधल्या एकाच्या आणि अहमदाबादच्या एकीच्या फॉन्टच्या मध्ये ‘नाका’ लागला. मनिषने झाईहून मुद्दाम येऊन ते पान दाखवलं. नमुन्याला वाक्य घेतलं होतं, ‘डहाणूची गाडी फलाट दोनवर येत आहे.’

‘‘कसं वाटतंय?’’ त्याने विचारलं.

दक्षाने नीट बघितलं. ‘‘स्वच्छ झालंय.’’

‘‘आणखी?’’

‘‘चांगलं झालंय, मनिषभाऊ. मला वाटत काय नाय, पण चांगलं झालंय ते दिसतं.’’

अक्षरं हळूहळू फिरू लागली. मुंबईच्या एका चहाच्या दुकानाने कपांवर घेतली. कोणाच्या तरी पुस्तकाच्या कव्हरवर आली. इकडच्या लोकांना मनिषने फॉन्ट फुकट दिला होता, त्यामुळे नविनच्या दुकानातून लग्नाच्या पत्रिका त्यात निघू लागल्या, वाढदिवसाचे फ्लेक्स निघू लागले. उंबरगावच्या कंपनीत हात धुवायच्या नळावर एक दिवस कागद लागला, ‘येथे थुंकू नये’. संदीपचा य, संदीपचा थ, तिचा न. दक्षा त्याखाली हात धुऊन कामावर जाऊन बसली. कोणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही आहे, असं तिला वाटलंच नाही.

त्याच वर्षी दिवाळीनंतर जमीन हलायला लागली. आधी भांडी वाजली, मग कौलं सरकली. डहाणू आणि तलासरीच्या गावांना महिनोन्‌महिने धक्के बसत राहिले. कधी दिवसातून अनेकदा. शाळा मोकळ्यावर भरू लागल्या, अंगणात ताडपत्रीचे तंबू लागले, लोक घरात जायला घाबरायला लागले. आंबापाड्यावर सगळे बाहेर आले, एक गंगी सोडून. ती म्हणाली, माझं घर सोडून मी कुठं जाणार नाय. दक्षाने दोनदा सांगून बघितलं. गंगी तिच्याशी बोलतच नव्हती, तिने उत्तरही दिलं नाही. दक्षाने अंगणात तंबू बांधला आणि एकटी त्यात राहायला लागली. धक्का बसला की शेजारणी ओरडत तंबूबाहेर धावत. दक्षा होती तिथेच बसून राही. भीती वाटायला हवी, हे तिला कळत होतं.

जानेवारीत एका संस्थेने गावोगाव सूचनांचे फ्लेक्स लावले. छापले नविनने. कवाड्याला शाळेच्या कुंपणावर एक मोठा लागला. त्या दिवशी रेशनला दोघी वेगवेगळ्या गेल्या होत्या. परतताना दक्षाला दिसलं की गंगी डोक्यावरची पिशवी खाली ठेवून कुंपणासमोर उभी आहे. गंगीला वाचता येत नाही. सही म्हणून ती अंगठा देते.

दक्षा जवळून जाऊ लागली तेव्हा गंगी म्हणाली, ‘‘हे संदीपचं ना?’’

कितीतरी महिन्यांनंतर ती बोलत होती. दक्षा थांबली. ‘‘हां.’’

‘‘मला लांबूनच कळलं. काय लिवलंय त्यानं?’’

दक्षाने वाचून दाखवलं. ‘‘धक्का जाणवल्यास घाबरू नका. घराबाहेर मोकळ्या जागेत या. म्हाताऱ्या माणसांना आणि लहान मुलांना आधी बाहेर आणा.’’

‘‘परत वाच.’’

दक्षाने परत वाचलं. गंगीने बोट लावून एकेक ओळ बघितली. ‘‘यात तुझं कुठलं?’’

दक्षाने दाखवलं. घाबरू मधला घ. घराबाहेर मधला घ. लहान मधला ल. गंगीने त्यांच्यावरूनही बोट फिरवलं. मग पिशवी पुन्हा डोक्यावर घेतली आणि दोघी बरोबर घरी आल्या. संध्याकाळच्या आत गंगीने आपली खाट, पाण्याचा हंडा आणि देव्हाऱ्यातला नारळ तंबूत आणून ठेवला.

पुढे एका दुपारी मोठा धक्का बसला, त्यात त्यांच्या घराची मागची भिंत निम्मी खाली आली. गंगी त्या वेळी विहिरीवर होती, त्यामुळे ती घरात राहिली असती तर काय झालं असतं, याला तसा अर्थ नाही. पण गंगी मात्र पाड्यावर सगळ्यांना सांगते की पोराने बाहेर बोलावलं. दक्षा ते खोडून काढत नाही. आणि झाकणाची गोष्ट कोणी काढली, तर आता गंगीच म्हणते, रंग सांडला असता तर परत कोणी दिला असता? तिला जे सुचलं ते तिनं केलं.

भिंत बांधायला कंपनीतून रजा घेतली होती. रजा संपली तरी दक्षा गेली नाही. एप्रिलमध्ये मनिषचा फोन आला होता. उंबरगाव, संजाण, भिलाड, तिकडच्या दुकानदारांना ‘नाका’सारखं गुजराती हवं होतं. संदीप गुजराती पाट्या घेत नसे, ती लिपी त्याला येत नव्हती. दक्षाला कंपनीत राहून वाचता येऊ लागलं होतं, लिहिता नाही. ‘‘कशाच्या वरून काढणार?’’ तिने विचारलं.

‘‘वरून कशाच्याच नाही. तुम्ही नवीन काढायची.’’

ती झाईला जाऊ लागली. कवाड्याहून तलासरी, तिथून उंबरगावची गाडी, पुढे रिक्षा. मनिषच्या माडीवर खिडकीपाशी टेबल लावलं होतं. खाली त्याची काकू तानी जाळी आणि सुकी मासळी सांभाळायची. पहिली अक्षरं वाईट आली. गुजरातीला वरची रेघ नसते, त्यामुळे अक्षर कशाला लटकवायचं हेच दक्षाला कळेना. सगळी खाली घसरल्यासारखी दिसत. तिने ती फाडली, पुन्हा काढली. मनिष म्हणाला, ही चालतील. ती म्हणाली, नाय चालणार. दोघांत त्यावरून चांगलाच वाद झाला. तानीने खालून विचारलं, काय झालं रे? इतक्या दिवसांत दक्षाचा आवाज माडीच्या खाली पहिल्यांदाच आला होता.

त्या वर्षाच्या नोव्हेंबरात गुजराती फॉन्ट निघाला. या वेळी अक्षरांच्या खाली एकटीचं नाव होतं. मनिषने माडीत कॉम्प्युटरचं बटण दाबलं तेव्हा दक्षा गच्चीवर तानीबरोबर बसून वाळत घातलेली मांदेली उलटत होती. तिचा फोन वाजला. तिने ओढणीला हात पुसून बघितलं.

‘‘काय आलं?’’ तानीने विचारलं.

‘‘फॉन्ट निघाला.’’

‘‘तुझा? मग बघ ना नीट.’’

‘‘बघते. हे आधी उलटून घेऊ, ऊन चाललंय.’’

दक्षाने फोन बाजूला ठेवला आणि पुढची रांग घेतली.